समोरची काच

दगड लागला तेव्हा आम्ही दोघंही ओरडलो नाही.

उरल्याहून, कारखान्यांच्या भागातून, शहराकडे येत होतो. शनिवार होता, दुपारचे तीन वाजून गेले होते. गाडी मी चालवत होते, तो शेजारी बसला होता. एका बाजूचा रस्ता उखडून ठेवलेला, त्यामुळे जाणारी-येणारी सगळी वाहनं उरलेल्या अर्ध्या रस्त्यावर. त्यावर सुटी गिट्टी पसरलेली. पुढे एक हायवा चालला होता. मुरूम आणि गिट्टी वाहणाऱ्या उंच टिपरला आमच्याकडे हायवा म्हणतात. त्याच्या मागच्या जोडचाकात अडकलेला एखादा दगड सुटला असेल. मी तो येताना पाहिला असं मला वाटतं, पण तसं दिसणं शक्य नाही. एकदाच कोरडा आवाज झाला आणि काचेवर, त्याच्या बाजूला, वायपरच्या वीतभर वर पांढरा ठिपका उमटला. रुपयाच्या नाण्यापेक्षा लहान.

"लागला," तो म्हणाला.

"हो."

"थांबव न."

"कुठं थांबवू? मागं ट्रक आहे."

त्याने हात पुढे करून आतून त्या ठिपक्यावर बोट फिरवलं. आतली बाजू गुळगुळीत होती. "आरपार नाही गेला," तो म्हणाला, आणि पुन्हा हात मांडीवर ठेवून बसला.

तो म्हणजे माझा नवरा. निकाल लागून सोळा दिवस झाले होते, तेव्हा नवरा म्हणणं बरोबर नाही. पण दुसरा शब्द मला सापडलेला नाही आणि मी फारसा शोधलेलाही नाही. सतरा वर्षांचं लग्न होतं. मूल नव्हतं. भांडणंही म्हणावी तशी नव्हती. शेवटच्या तीन-चार वर्षांत घरात बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं, एवढंच. तो कॉलेजात केमिस्ट्री शिकवतो. दोन वर्षांपूर्वी तो कॉलेजजवळ भाड्याच्या दोन खोल्यांत राहायला गेला. आम्ही दोघांनी मिळून अर्ज केला, सहा महिने थांबायला सांगितलं होतं तेवढे थांबलो, आणि एका गुरुवारी अकरा वाजून काही मिनिटांनी ते संपलं. न्यायाधीशबाईंनी विचारलं, विचार बदलला नाही ना. आम्ही दोघांनी मान हलवली. बाहेर येऊन त्याने मला विचारलं, चहा घेतेस का. मी म्हटलं, ऑफिसला जायचं आहे.

मी उरल्यातल्या एका लोखंडाच्या कारखान्यात डिस्पॅचला आहे. माल घेऊन बाहेर पडणाऱ्या प्रत्येक ट्रकचा गेटपास माझ्या सहीने निघतो. त्या शनिवारी अर्धा दिवस होता. तो ऑटोने कारखान्याच्या गेटपर्यंत आला आणि माझ्या गाडीत बसला. माझ्या म्हणजे, तडजोडीत गाडी मला द्यायचं ठरलं होतं, पण कागदावर ती अजून त्याच्याच नावावर होती. आम्ही समता कॉलोनीत त्याच्या आईकडे चाललो होतो. त्यांना सांगायला.

त्यांना काहीच माहीत नव्हतं. तो वेगळा राहायला गेला तेव्हा त्याने घरी सांगितलं होतं की कॉलेजच्या होस्टेलची ड्यूटी लागली आहे. मग आई दोन्ही गुडघ्यांच्या ऑपरेशनसाठी नागपूरला मुलीकडे गेल्या आणि आठ महिने तिथेच राहिल्या. नुकत्याच परतल्या होत्या. थोरल्या दिरांना आणि जाऊबाईंना ठाऊक होतं. ते म्हणाले, तुमचं तुम्ही सांगा.

भनपुरी ओलांडल्यावर रस्ता थोडा मोकळा झाला. त्याने मला एका स्टेशनरीच्या दुकानापाशी थांबायला सांगितलं. उतरून पारदर्शक टेप घेऊन आला. रुमालाने ठिपक्यावरची धूळ हलक्या हाताने पुसली आणि वरून टेप लावला, एक आडवा, एक उभा. मी आतून बघत होते. वर्गात मुलांना प्रयोग करून दाखवावा तसं त्याचं चाललं होतं.

"धूळ गेली आत की मग भरता येत नाही," परत बसल्यावर तो म्हणाला. "असं लहान असलं तर रेझिन भरून देतात. दोन-तीन दिवसात नेऊन ये. आणि एसी बंद कर. वरून काच तापलेली, आतून गार हवा लागली की तडा पळतो."

मी एसी बंद केला आणि काचा खाली घेतल्या. कारखान्यांची काळी धूळ आत आली. मग बोलणंच शक्य नव्हतं, ते बरं झालं.

जाऊबाईंनी दार उघडलं, आमच्या तोंडांकडे पाहिलं आणि चहा ठेवते म्हणून ज्या आत गेल्या त्या शेवटपर्यंत बाहेर आल्या नाहीत. त्याच्या आई गॅलरीत खुर्चीवर बसल्या होत्या. पहिल्या मजल्यावरून खालची गाडी त्यांना सरळ दिसत होती.

"काचेले काय झालं?" त्यांनी पहिलं हेच विचारलं.

"गिट्टी उडाली, आई. रस्त्यात."

"कोणाले लागलं तं नाही ना?"

"नाही."

"तू कुठं बसला होता? त्याच बाजूनं?" त्यांनी त्याचा चेहरा हनुवटीला धरून वळवून पाहिला, इकडून, तिकडून. सत्तेचाळीस वर्षांचा माणूस. तो पाहू देत उभा राहिला. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तू त्या ट्रकांच्या मागं मागं काहून चालवते बाई?"

आम्ही बसलो. त्यांनी गुडघे दाखवले. साडी थोडी वर घेऊन दोन्ही गुडघ्यांवरच्या उभ्या खुणा दाखवल्या. नागपूरचे डॉक्टर, रोजचे व्यायाम, नातवाची बोर्डाची परीक्षा, सगळं सांगितलं. तो हव, हव करत होता. मी त्याच्याकडे पाहत होते, तो आता सुरुवात करेल म्हणून. गाडीत ठरलं होतं की तोच बोलेल. चहा आला, संपला, कपाच्या तळाशी साय वाळली. तो गुडघ्यांबद्दलच विचारत होता.

शेवटी मी म्हटलं, "आई, आम्ही वेगळे झालो. कोर्टातून."

माझा आवाज गेटपासचा नंबर वाचून दाखवावा तसा आला. मला तो ऐकू आला आणि लाज वाटायला पाहिजे असं मनात आलं, पण लाज वाटली नाही.

त्यांनी साडी गुडघ्यांवरून खाली ओढली. मग त्याला विचारलं, "कागद झाला?"

"हव."

"कधी?"

"दोन आठवडे झाले."

"आणि अर्ज कधी केला होता?"

त्याने रिकामा कप बाजूला सरकवला. मग म्हणाला, "तू नागपूरला होतीस तेव्हा."

"म्हणजे मले तिकडं पाठवून तुम्ही इथं हे करून राहिले होते." त्यांचा आवाज चढला नाही. "मी म्हणत होते, एवढी घाई कायची आहे, दिवाळीनंतर जाईन. तूच मांगं लागली होती न," हे मला, "आताच करा, आताच करा."

हे खरं होतं. मीच मागे लागले होते. त्यांना जिना चढताना पाहवत नव्हतं म्हणून. डॉक्टरांची तारीख मी घेतली होती, तिकिटं मी काढली होती. ते मनापासून केलं होतं, एवढं मला आठवतं. पण त्याच आठवड्यात आम्ही पहिल्यांदा वकिलाकडे गेलो होतो, तेही आठवतं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध होता का, ते मी गॅलरीत बसून आठवायचा प्रयत्न केला. मला सांगता आलं नाही, त्यांनाही आणि स्वतःलाही.

निघताना त्या उठल्या नाहीत. मी वाकून नमस्कार केला, तो त्यांनी घेतला. मग त्याला म्हणाल्या, "ते काच कोण बसवून देईन?"

"मी देतो."

"तिले एकटीले नको पाठवू तिथं. दुकानदार काहीही सांगतात बाईमाणसाले."

खाली उतरल्यावर तो म्हणाला की मी ऑटोने जाईन. मी बरं म्हटलं.

रेझिन भरायला मी गेले नाही. जमलं नाही असं नाही, जायचं हे डोक्यात असायचं आणि मग संध्याकाळ झालेली असायची. त्या दिवसांत माझं बरंचसं असंच चाललं होतं. कामात चूक होत नव्हती. घरी येऊन खिचडी लावायची, खायची, भांडं पाण्यात घालून ठेवायचं. दोन शिट्ट्या झाल्या की तीन, ते मोजता मोजता विसरून जायचे. पार्किंगमध्ये गाडी लावली की उतरायचं राहून जायचं. चौकीदार येऊन काचेवर टकटक करी, "दीदी, सब ठीक?" मग मी उतरायचे.

मंगळवारी सकाळी नऊला उन्हात उभी असलेली गाडी काढली आणि सवयीने एसी लावला. टेपखालून एक रेघ निघाली. मी पाहत असताना निघाली. आधी बोटभर, मग थांबली, मग कारखान्याच्या वळणावरच्या गतिरोधकावर गाडी आपटली तशी सरळ धावत माझ्या बाजूपर्यंत आली. मी एसी बंद केला नाही. आता बंद करून काय होणार, असंही वाटलं नाही. ती कुठवर जाते ते मी बघत राहिले. स्टिअरिंगच्या थोडं वर, माझ्या डोळ्यांच्या रेषेत येऊन ती थांबली.

तीन आठवडे मी त्या रेघेतून रस्ता पाहिला. समोरून येणारा ट्रक रेघेशी आला की त्याचे दोन तुकडे व्हायचे, वरचा तुकडा किंचित बाजूला सरकायचा आणि मग पुन्हा जुळायचा. पहिले दोन दिवस ते खटकलं. नंतर रस्ता असाच दिसतो असं झालं. गेटवरचा गार्ड रोज सांगायचा, "मैडम, कांच बदलवा लो, किसी दिन हाथ में आ जाएगा." मी रोज हव म्हणायचे.

एका दुपारी ऑफिसात फोन वाजला. त्याच्या आईचा होता. गॅलरीतल्या त्या दिवसानंतर पहिल्यांदाच.

"एकच विचारायचं होतं," त्या म्हणाल्या. "माह्या ऑपरेशनची तारीख तू पहिले घेतली होती, का वकिलाकडे पहिले गेली होती?"

मी त्याआधी एका रविवारी फोनमधले जुने मेसेज काढून हे पाहून ठेवलं होतं. त्यांच्यासाठी नव्हे, मलाच हवं होतं.

"तारीख आधी घेतली," मी म्हटलं. "चार दिवस आधी."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. "बरं," त्या म्हणाल्या. आणि थोड्या वेळाने, "जेवली का?"

"डबा आणला आहे."

"खाऊन घे मग." फोन ठेवला. टेबलापुढे एक ड्रायव्हर कागद हातात धरून उभा होता. मी त्याचा गेटपास केला.

शेवटी त्यानेच फोन केला. आईने विचारलं म्हणाला, काच बसवली का. मी तडा पळाल्याचं सांगितलं. तो रागावला नाही. इन्शुरन्स अजून त्याच्या नावावर असल्यामुळे क्लेमसाठी त्याला यावंच लागणार होतं, सहीला आणि फोनवर येणाऱ्या नंबराला. रिंग रोडवरच्या एका काचेच्या दुकानात शनिवारी दुपारी भेटायचं ठरलं.

मिस्त्री साठीचा असेल. चष्मा कपाळावर सरकवून त्याने रेघेवरून नख फिरवलं. "पहिले दिन आते दीदी, तो दाग भर देते. अब तो लाइन दौड़ गे हे. पूरा बदलही." म्हणजे अख्खी काचच बदलायची. किती वेळ, मी विचारलं. काढायला-बसवायला तास-दीड तास, म्हणाला, आणि मग चिकटवलेलं वाळायला चार तास. तोवर गाडी हलवायची नाही.

काउंटरवर एक तरुण मुलगी कॉम्प्युटरवर फॉर्म भरत होती. हिंदीतून एकेक विचारत गेली. गाडीचा नंबर, मालकाचं नाव, कुठं झालं, कसं झालं.

"गाड़ी कौन चला रहा था?"

"मैं," मी म्हटलं आणि लायसन्स दिलं.

"ओनर से रिलेशन?" तिने मान वर केली. "वाइफ लिख दूँ?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. काउंटरवर काचेखाली देवाचा फोटो आणि कुठल्या तरी लग्नाची पत्रिका होती. मी ती पत्रिका वाचत होते. त्या दिवशी, दगड लागला त्या शनिवारी, निकाल लागून सोळा दिवस झालेले होते.

"परिचित लिखिए," मी म्हटलं.

"परिचित मतलब?"

"मतलब पहचान की."

तिने दोघांकडे एकदा पाहिलं आणि टाइप केलं. त्याच्या फोनवर नंबर आला, तो त्याने वाचून दाखवला. झालं.

आम्ही बाहेर बाकावर बसलो. मिस्त्रीने काचेच्या कडेने एक बारीक तार आत घातली. एक माणूस आतून, एक बाहेरून, असे दोघं ती तार ओढत काचेभोवती फिरले. मग रबरी कप लावून काच उचलली. गाडीला समोर काही नाही असं मी पहिल्यांदा पाहिलं. माझी सीट, तिच्यावर मी घातलेला टॉवेल, सगळं रस्त्यावरून दिसत होतं. उठून तो टॉवेल काढून घ्यावा असं वाटलं, पण उठले नाही.

"वाइफ लिहिलं असतं तरी चाललं असतं," तो म्हणाला.

"खोटं झालं असतं."

"हो. ते आहेच."

त्याने समोरच्या टपरीवरून दोन चहा आणले. माझ्यात साखर कमी सांगून आणला होता.

"परवा वर्गात उभा होतो," तो म्हणाला. "फळ्यावर अर्धं समीकरण लिहिलं आणि पुढचं आठवेना. वीस वर्षं तेच शिकवून राहिलो. पोट्टे वह्या उघडून बसून होते. दहा मिनिटं तरी गेली असतील. कोणी हसलं नाही. मग एका पोट्टीनं येऊन माझ्या हातातून खडू घेतला आणि पुढचं लिहिलं."

"मग?"

"मग काही नाही. बेल झाली."

मी त्याला पार्किंगचं सांगितलं, उतरायचं राहून जातं ते. त्याने मान हलवली. हे आम्ही सतरा वर्षांत कधी बोललो नसतो, असं मला वाटलं. आणि ते वाटूनही आत काही हललं नाही. नोंद झाली फक्त.

"आई तुझ्याशी बोलतात का?" मी विचारलं.

"जेवायला बोलावते. वाढते. बोलत नाही."

मला फोन आला होता हे मी त्याला सांगितलं. काय विचारलं आणि मी काय सांगितलं तेही. तो कप हातात फिरवत राहिला. म्हणाला, "चार दिवस आधी होती का खरंच?"

"हो."

"मले वाटायचं नंतर होती." मग म्हणाला, "मी तिला तसं सांगून बसलो होतो."

यावर चिडायला हवं होतं. मी चहा संपवला.

दुकानाच्या मागे जुन्या काचा एकावर एक रचून ठेवल्या होत्या. मला जाऊन बघावंसं वाटलं म्हणून गेले. माझी सगळ्यात वर होती, टेप तसाच. खालच्या बऱ्याचशा काचांवर असाच एखादा ठिपका आणि त्यातून निघालेल्या रेघा. मिस्त्री मागून आला. म्हणाला, यांच्या मधे प्लास्टिकचा थर असतो, म्हणून तुटून पडत नाही, धरून राहते. म्हणून लोक येतच नाहीत लवकर.

चार तास पुरे झाल्यावर मिस्त्रीने किल्ली दिली. दोन दिवस धुवायची नाही, कडेच्या पट्ट्या उद्यापर्यंत काढायच्या नाहीत, एक खिडकी बोटभर उघडी ठेवायची आणि दार जोरात लावायचं नाही, आत हवा दाबली जाते. मी त्याला त्याच्या कॉलेजजवळच्या खोल्यांच्या वळणावर सोडलं. उतरून त्याने दार दोन्ही हातांनी, आवाज न करता लावलं. मग खिडकीशी वाकून म्हणाला, "ट्रकपासून दूर राहत जा." मी हव म्हटलं.

पुढच्या महिन्यात गाडी माझ्या नावावर झाली. त्या कामाला आम्ही आणखी एकदा भेटलो, आरटीओच्या खिडकीपुढच्या रांगेत, आणि नंतर भेटलो नाही. त्याच्या आईचा फोन अधूनमधून येतो. गुडघे दुखतात का विचारलं तर पाऊस आला की दुखतात म्हणतात. दुसरं काही बोलणं होत नाही.

पावसाळ्यात एका सकाळी भट्टीतली स्लॅग भरलेला ट्रक गेटपासासाठी उभा होता. स्लॅग म्हणजे लोखंड वितळल्यावर वर येणारा दगडासारखा कचरा. वरपर्यंत भरलेला आणि ताडपत्री नाही. असे ट्रक मी वर्षानुवर्षं सोडले आहेत. ड्रायव्हर म्हणाला, इथंच तर टाकायचं आहे, तीन किलोमीटर. मी सही करायला पेन उचलला आणि मला काय झालं कळलं नाही. मी उभी राहिले आणि त्याला बोलत सुटले, हिंदीतून, मराठीतून. मागून येणाऱ्याचं काय, त्याच्या तोंडावर दगड बसला तर, ताडपत्री बांधायला किती वेळ लागतो. ऑफिसातली सगळी माणसं थांबून पाहत होती. माझा आवाज खोलीत घुमत होता आणि थांबवता येत नव्हता. ड्रायव्हरने माझ्यापुढचा कागद उचलला. बाहेर गेला.

मी बसले. पेनाचं टोपण लागेना. किती महिन्यांनी छातीत असं धडधडत होतं. खिडकीतून तो दिसत होता, पावसात ट्रकवर चढून ताडपत्री पसरत होता, कडेला वाकून दोऱ्या ओढत होता. वीस मिनिटं लागली. मग ओल्या हातांनी कागद घेऊन परत आला.

"बांध दिया मैडम."

"हव," मी म्हटलं, आणि सही केली.